घरातील चित्रगृह : जोडणी कोणती निवडावी?



पांढुर्णा व सौंसर येथील आपल्यापैकी अनेकांच्या दिवाणखान्यात आता मोठा टीव्ही आहे आणि त्याला संगणक जोडून सहकुटुंब चित्रपट पाहण्याची हौसही आहे. प्रश्न पडतो तो तारांचा. या विषयाचा मला थोडा छंद असल्याने चार गोष्टी मांडतो. दृश्य आणि ध्वनी यांचा विचार स्वतंत्रपणे केला की निवड सोपी होते.

प्रथम दृश्य. १९८७ सालची व्हीजीए जोडणी केवळ चित्र नेते, आवाज नाही. डिसेंबर २००२ मध्ये आलेली एचडीएमआय एकाच तारेतून चित्र व आठ वाहिन्यांपर्यंतचा ध्वनी नेते. फोर-के चित्र सेकंदाला साठ चौकटींच्या गतीने हवे असल्यास संगणक, टीव्ही आणि मध्ये असलेला अॅम्प्लिफायर हे सर्व किमान २.० आवृत्तीचे (२०१३) असावेत. एकही कडी जुनी असली तर चित्र तिच्याच मर्यादेत राहते.

आता ध्वनी. अॅम्प्लिफायरला एचडीएमआय असेल तर संगणकाची तार आधी त्यात आणि तेथून टीव्हीत न्यावी. अॅम्प्लिफायर जुना असेल तर चित्र थेट टीव्हीकडे आणि आवाज ऑप्टिकल तारेने अॅम्प्लिफायरकडे न्यावा. ऑप्टिकलमधून दोन वाहिन्या पूर्ण स्वरूपात जातात, ५.१ ध्वनी मात्र संक्षेपित रूपातच जातो. शेवटी संगणकाच्या ध्वनी-सेटिंगमध्ये योग्य मार्ग निवडावा, अन्यथा चित्र दिसते आणि स्पीकर मुके राहतात.

ऑप्टिकलचा आणखी एक गुण आपल्याला चटकन पटेल. ईसीजीच्या पट्टीवर ५० हर्ट्झचा व्यत्यय आपण पाहतो. स्पीकरमधील घूं-घूं आवाज बहुधा त्याचाच भाऊबंद. संगणक, अॅम्प्लिफायर आणि केबल टीव्हीची तार यांच्या अर्थिंगमध्ये फरक असला की ध्वनीच्या तारेतून सूक्ष्म प्रवाह वाहतो. ऑप्टिकलमधून केवळ प्रकाश जातो, त्यामुळे तो मार्ग तेथे तुटतो.

हा आवाज घालविण्यासाठी काही जण प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकतात. आवाज थांबतो खरा. परंतु उद्या आतील इन्सुलेशन निकामी झाले तर संगणकाची धातूची पेटी विद्युतभारित होईल आणि पहिला स्पर्श कदाचित घरातील लहानग्याचा असेल. याच ५० हर्ट्झच्या प्रवाहाने हृदयाचे व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन होऊ शकते, हे आपल्याला कोणी सांगावयास नको.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे इतकेच : तार विकत घेण्याआधी जाणत्या वायरमनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. खाली दवाखाना आणि वर घर असेल, तर दोन्हींचे.