सूड घेणारे तीन पुत्र

शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'ला सूडाचे नाटक म्हणतात. पण ते पुन्हा वाचताना मला प्रत्येक वेळी जाणवते, की येथे पित्याच्या वधाने पेटलेला पुत्र एक नाही, तीन आहेत. डेन्मार्कचा हॅम्लेट, पोलोनियसचा मुलगा लेअर्टीस आणि नॉर्वेचा फोर्टिन्ब्रास.

हॅम्लेट विचार करीत राहतो. एकदाच अविचाराने तलवार चालवतो, आणि पडद्याआडचा पोलोनियस हकनाक मरतो. त्या एका वाराने सूड घेणाराच सूडाचा धनी होतो. ओफीलिया वेडी होऊन बुडते. लेअर्टीस विषारी पाते उचलतो. कानात ओतलेल्या विषाने सुरू झालेली ही कथा अखेरच्या प्रवेशात चार बळी घेते, आणि त्या चारही मृत्यूंत विष आहेच.

आगरकरांनी १८८३ साली याचे मराठी रूपांतर केले व त्याला 'विकारविलसित' असे समर्पक नाव दिले. गणपतराव जोशांनी गाजविलेला चंद्रसेन तो हाच. सारा विलास विकारांचाच!

आणि राज्य? हॅम्लेटच्या पित्याने द्वंद्वात ठार केलेल्या राजाचा मुलगा, फोर्टिन्ब्रास. चुलत्याने दटावताच त्याने डेन्मार्कवरील स्वारीचा बेत सोडला होता. शेवटी सिंहासन त्यालाच मिळते. हॅम्लेट पित्याचा सूड घेतो खरा, पण पित्याने राखलेले राज्य पित्याच्या वैऱ्याच्या मुलाच्या हाती जाते. माझ्या मते या नाटकातील खरा शोक तो हाच.