विश्लेषण : एसटी मोफत, तरी सहल का अडते? नांदेड-लातूरच्या ज्येष्ठांसाठी एका दिवसाचे गणित

वयाच्या ७५ व्या वर्षानंतर राज्यात एसटीच्या तिकिटाला पैसे पडत नाहीत. ६५ नंतर ते निम्मे होते. नांदेड आणि लातूर या दोन्ही शहरांतून दीड-दोन तासांत पोहोचता येतील अशी देवस्थाने, किल्ले आणि जुनी गावे भरपूर आहेत. तरीही अनेक घरांत आजी-आजोबांचा एसटी प्रवास दवाखाना, लग्नकार्य आणि दहावा-तेरावा यांपुरताच राहतो. केवळ मजेसाठी, मैत्रिणींबरोबर किंवा जुन्या सहकाऱ्यांबरोबर बाहेर पडायचे म्हटले की ‘मुलाला सुट्टी मिळाली की गाडीने जाऊ’ असे ठरते आणि ती सुट्टी काही येत नाही. अडचण तिकिटाची उरलेली नाही. ती आहे बसमधून उतरल्यानंतरच्या दोन-तीन किलोमीटरची, पायऱ्यांची आणि परतीच्या गाडीची. ती आधी सोडवली, तर एका दिवसाची सहल घरच्यांवर अवलंबून न राहता करता येते.

एसटीची सवलत नेमकी कोणाला?

‘अमृत ज्येष्ठ नागरिक योजना’ २६ ऑगस्ट २०२२ रोजी सुरू झाली. तिच्यानुसार ७५ वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला एसटीच्या सर्व प्रकारच्या बसमधून मोफत प्रवास करता येतो. वाहक शून्य रकमेचे तिकीट देतो. ६५ ते ७५ या वयोगटाला भाड्यात ५० टक्के सवलत आहे. १७ मार्च २०२३ पासून ‘महिला सन्मान योजने’खाली सर्व वयाच्या महिलांनाही ५० टक्के सवलत मिळते. मात्र या दोन सवलतींची बेरीज होत नाही. ६८ वर्षांच्या बाईंना निम्मेच भाडे द्यावे लागते, पाव नव्हे.

दोन मर्यादा लक्षात ठेवाव्यात. पहिली, ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. उदगीरहून बीदर किंवा देगलूरहून तेलंगणात जाताना सीमेपलीकडच्या अंतराचे पूर्ण भाडे पडते. दुसरी, शहरी बससेवेला ती लागू नाही. शिवाय वयाचा पुरावा जवळ हवा. आधार कार्ड, मतदार ओळखपत्र, पॅन कार्ड यांपैकी एक असले तरी चालते, पण त्यावर जन्मतारीख स्पष्ट हवी. ओळखपत्र घरी राहिले, तर वाद वाहकाशी घालून उपयोग नसतो.

एकाच मंडळीत चार प्रकारची भाडी कशी?

ज्येष्ठ नागरिक कोण, याचे उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळे आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठीच्या २००७ च्या कायद्यात हे वय ६० आहे. एसटीच्या लेखी ते ६५ पासून सुरू होते. म्हणजे नुकताच निवृत्त झालेला ६२ वर्षांचा शिक्षक कायद्याने ज्येष्ठ असला, तरी बसमध्ये पूर्ण तिकीट काढतो.

उदाहरणादाखल सहा जणांची मंडळी धरू : ७५ च्या पुढचे दोघे, ६५ ते ७५ मधले दोन पुरुष, साठीच्या एक बाई आणि ६२ वर्षांचे एक गृहस्थ. २५ जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या बसचे भाडे सहा किलोमीटरच्या एका टप्प्याला दहा रुपयांच्या आसपास आहे. ६० किलोमीटरच्या प्रवासाचे दहा टप्पे धरले, तर पूर्ण भाडे सुमारे १०० रुपये होते. पहिल्या दोघांना काही नाही, मधल्या तिघांना प्रत्येकी ५० आणि शेवटच्याला १००. एका बाजूचे २५० आणि जाऊन-येऊन ५०० रुपये. सहा जणांत वाटले, तर माणशी ८५ रुपयांच्या आत. दिवसभरासाठी खासगी गाडी ठरवली, तर हाच आकडा काही हजारांत जातो.

हिशेब असा एकत्र करून समान वाटणे बरे. नाही तर ‘माझे तिकीट फुकट, तुझे शंभर’ यातून ६२ वर्षांचा गडी पुढच्या सहलीला येत नाही.

मग पैसे आणि दम कुठे लागतो?

बसस्थानकापासून ठिकाणापर्यंत. बस गावात सोडते, पण मंदिर, लेणे किंवा किल्ला गावाच्या दुसऱ्या टोकाला असतो. तरुण माणूस हे अंतर चालत जातो. गुडघे दुखणाऱ्या माणसाची तिथेच सहल संपते. म्हणून मंडळीचा आकारही रिक्षाच्या हिशेबाने ठरवावा. तिघांना एक रिक्षा, सहा जणांना दोन. सात झाले की तिसरी लागते. रिक्षा जाण्या-येण्याची आणि थांबण्यासह ठरवावी, भाडे आधी बोलून घ्यावे. एसटीत वाचलेले पैसे इथे खर्च करणे हाच शहाणपणा आहे.

दुसरा प्रश्न स्वच्छतागृहाचा. प्रवासात अडचण नको म्हणून अनेक वयस्क महिला सकाळपासून पाणीच पीत नाहीत. उन्हात दिवसभर असे राहिले, की चक्कर, लघवीची जळजळ आणि रक्तदाबाचा त्रास ठरलेला. त्यामुळे तासा-दीड तासाने मोठे बसस्थानक, देवस्थानचे भक्तनिवास किंवा जेवणाचे हॉटेल येईल असाच मार्ग निवडावा. ठिकाण कितीही सुंदर असले, तरी आसपास सोय नसेल तर ते मुलांबरोबर गाडीने जाताना पाहावे.

लातूरहून एका दिवसात कुठे?

सर्वांत सोपे औसा. अंतर जेमतेम २० किलोमीटर. इथला किल्ला भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवरचा. सह्याद्रीतल्या किल्ल्यांसारखी चढण नाही. मात्र आतल्या पायऱ्या उंच आणि दगड ओबडधोबड आहेत, तेव्हा काठी हवी. त्याच तालुक्यातली खरोसा लेणी टेकडीवर आहेत. तिथे चढावे लागते, म्हणून दोन्ही एकाच दिवशी करण्याचा अट्टहास नको.

उदगीर थोडे लांब, पण किल्ला पाहण्यासारखा आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाविरुद्धची लढाई जिंकली ती इथली. हाही भुईकोटच आहे आणि शहराला लागून आहे.

अंबाजोगाई ज्येष्ठांसाठी कदाचित सर्वांत सोयीची. लातूरहून सुमारे ५० किलोमीटर. योगेश्वरीचे मंदिर गावातच आहे. मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर डोंगराच्या अंगाला असल्याने तिथे रिक्षा करावी. मराठीतील आद्य ग्रंथांपैकी एक मानला जाणारा ‘विवेकसिंधु’ त्यांचा. आणखी एक गोष्ट घरच्यांना धीर देणारी : स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय याच गावात आहे.

तुळजापूरला जाणारे पुष्कळ असतात, पण महाद्वारातून आत गेल्यावर पायऱ्या उतरून मंदिरात जावे लागते, हे गुडघ्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे. उतरणे होते, चढून येणे जड जाते. मंगळवार, पौर्णिमा आणि नवरात्र टाळले, तर मध्ये थांबत चढता येते.

नांदेडहून कुठे?

औंढा नागनाथ वसमतमार्गे सुमारे ६० किलोमीटरवर आहे. मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवरचे शिल्पकाम निवांत पाहण्यासारखे. पण मुख्य पिंड तळघरासारख्या लहान गाभाऱ्यात आहे. तिथे अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावे लागते. कंबर-गुडघ्याचा त्रास किंवा दम लागत असेल, त्याने वरूनच हात जोडावेत आणि बाकीच्यांनी आग्रह करू नये. श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्रीला तिथे ज्येष्ठांनी जाऊच नये, इतकी गर्दी असते.

कंधारचा किल्ला राष्ट्रकूटांच्या काळाशी जोडलेला, भोवती खंदक असलेला भुईकोट आहे. देगलूर तालुक्यातील होट्टल इथली चालुक्यकालीन मंदिरे शिल्पांसाठी प्रसिद्ध आहेत. तिथे बसफेऱ्या कमी, म्हणून देगलूरहून वाहन ठरवावे लागते. किनवट तालुक्यात इस्लापूरजवळचा पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पावसाळ्यानंतर पाहण्यासारखा असतो, पण खडक निसरडे असतात. कठड्याच्या आतूनच पाहावा.

दोन्ही शहरांतले मित्र एकत्र कसे येतील?

नोकरीच्या बदल्यांमुळे एकाच शाळेतले किंवा कार्यालयातले मित्र निवृत्तीनंतर निम्मे लातूरला, निम्मे नांदेडला स्थायिक झालेले असतात. दोन्ही शहरांतील रस्त्याचे अंतर १३० ते १४० किलोमीटर. एकाने सगळे अंतर कापण्यापेक्षा मध्यावर भेटणे सोयीचे. अहमदपूर जवळपास अर्ध्या वाटेवर आहे आणि तिथे दोन्ही बाजूंच्या बस थांबतात. त्याच रस्त्यावर लोहा तालुक्यातले माळेगाव हे खंडोबाचे ठिकाण लागते. घोडे-गाढवांच्या बाजारासाठी ओळखली जाणारी तिथली मोठी यात्रा हिवाळ्यात भरते. ते दिवस सोडून गेल्यास देवदर्शन आणि गप्पा दोन्ही होतात.

लातूरकरांना नांदेडलाच यायचे असेल, तर सचखंड गुरुद्वारा पाहता येतो. गुरू गोविंदसिंगजींचे १७०८ मध्ये नांदेडला महानिर्वाण झाले. आजची वास्तू महाराजा रणजितसिंह यांच्या काळात १८३२ ते १८३७ दरम्यान उभी राहिली. लंगरमध्ये कोणालाही मोफत जेवण मिळते, बसायला सावली असते आणि परिसर सपाट आहे. डोके झाकण्यासाठी रुमाल जवळ ठेवावा.

रेल्वेची सवलत परत आली का?

नाही. ६० वर्षांवरील पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरील महिलांना ५० टक्के अशी सवलत होती. ती मार्च २०२० मध्ये करोनाकाळात थांबली आणि त्यानंतर पूर्ववत झालेली नाही. तरीही जवळच्या अंतरासाठी अनारक्षित डब्याचे तिकीट स्वस्तच असते. नांदेडहून तेलंगणातील बासरला, धर्माबादच्या लगेच पुढच्या स्टेशनवर, रेल्वेने जाणे त्यामुळेच फायद्याचे. एसटीची सवलत सीमेवर संपते, पण रेल्वेचे तिकीट सलग असते. गोदाकाठचे सरस्वतीचे हे मंदिर नातवंडांच्या अक्षरारंभासाठी प्रसिद्ध आहे.

रात्रीचा प्रवास असेल, तर खालच्या बर्थसाठी एक गोष्ट पाळावी. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिला यांना ज्येष्ठांच्या कोट्यातून खालचा बर्थ मिळू शकतो, पण एका तिकिटावर जास्तीत जास्त दोन प्रवासी असले तरच. सहा जणांचे एकच तिकीट काढले, की तो लाभ जातो. दोन-दोनांची तीन तिकिटे काढावीत.

मुक्काम करावा का?

माहूरसाठी करावा. नांदेडहून अंतर १३० किलोमीटरच्या आसपास, त्यात रेणुकादेवीच्या गडावर दोनशेच्या घरात पायऱ्या. दत्तशिखर आणि अनसूयामाता ही ठिकाणेही वेगवेगळ्या डोंगरांवर आहेत. एका दिवसात हे सारे केले, तर दुसरा दिवस अंथरुणात जातो. पहिल्या दिवशी पोहोचून विश्रांती, दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात दर्शन आणि दुपारी परत, हा क्रम बरा.

लांबच्या तीर्थयात्रेसाठी राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना’ जाहीर केली. वय ६० किंवा अधिक आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत अशी अट असून, माणशी कमाल ३० हजार रुपयांपर्यंतचा खर्च सरकार उचलते. अर्ज कधी घेतले जातात, याची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करावी.

निघण्यापूर्वी काय ठरवावे?

आधी परतीची गाडी, मग जायची. उतरल्याबरोबर बसस्थानकाच्या चौकशी खिडकीवर परतीच्या दोन गाड्यांच्या वेळा विचारून कागदावर लिहाव्यात. त्यातली पहिली धरायची, दुसरी हातची. शहरातून निघताना गाडी स्थानकातूनच सुटत असल्याने जागा मिळते. परतताना ती पुढच्या गावाहून भरून येऊ शकते. म्हणून शक्य असेल तिथे त्या गावातूनच सुटणारी बस निवडावी आणि अंधार पडण्यापूर्वी घर गाठावे.

दिवस एक आणि ठिकाण एक. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दिवसभर टिकते, म्हणून हॉटेलचा खर्च आणि पोटाचा त्रास दोन्ही वाचतात. मधुमेह असणाऱ्यांनी गोळी घेतल्यावर जेवणाची वेळ चुकवू नये. खिशात एका चिठ्ठीवर नाव, चालू औषधे आणि घरचा फोन नंबर असावा. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर संकटात ११२ आणि ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ हे क्रमांक मंडळीतल्या दोघांना तरी पाठ हवेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चाल. मंडळीतल्या सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने सगळ्यांनी चालायचे, हे निघण्यापूर्वी बोलून ठरवावे. ‘माझ्यामुळे सगळे अडतात’ असे एकदा मनाने घेतले, की ते माणूस पुन्हा घराबाहेर पडत नाही, मग एसटी मोफत असो वा नसो.