कुत्र्याच्या पिलाचे गृहशिक्षण

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी म्हण आपल्याकडे रूढ आहे. शेपटापुरती ती खरी असेल. परंतु कुत्र्याच्या सवयींच्या बाबतीत ती सर्वथा चुकीची आहे. मलमूत्रविसर्जनाची जागा व वेळ यांविषयीच्या सवयी कुत्रा फार लहान वयात शिकतो आणि एकदा शिकलेली सवय सहसा सोडीत नाही. असे असूनही, घरात घाण केली म्हणून मार खाणारी आणि अखेरीस रस्त्यावर सोडून दिली जाणारी पिले थोडी नाहीत. याचे कारण पिलाच्या स्वभावात शोधण्यापेक्षा पाळणाऱ्याच्या समजुतींत शोधणे अधिक योग्य होय.

हा प्रश्न सर्व घरांत सारखा उद्भवत नाही. अहिल्यानगर शहराच्या उत्तरेस, मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर असलेले नागापूर या दृष्टीने उद्‌बोधक आहे. मूळचे हे गाव शेतीचे. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत तेथे झाली आणि आता शहराची वस्तीही तेथवर पोचली आहे. शेतवस्तीवरील कुत्रा गोठ्याशी किंवा खळ्यावर असतो. घराचा उंबरा हीच त्याची मर्यादा असल्यामुळे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही. तेच पिलू एखाद्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात आणले, की पहिल्याच रात्री प्रश्न उभा राहतो. त्यातून घरातील कर्ता माणूस कारखान्यात पाळीने काम करणारा असला, तर पिलाकडे लक्ष देण्याच्या वेळाही दर आठवड्यास बदलतात.

पिलाच्या ठिकाणी स्वच्छतेची एक उपजत प्रवृत्ती असते, आणि सर्व गृहशिक्षण तिच्या आधारावरच उभे आहे. जन्मानंतर सुमारे तीन आठवडे पिलाला स्वतः होऊन मलमूत्रविसर्जन करता येत नाही. आई त्याचे अंग चाटते, त्या स्पर्शाने विसर्जन होते व ती ते लगेच चाटून टाकते. त्यामुळे निजण्याची जागा कोरडी राहते. पाय स्थिरावताच पिलू निजण्याच्या जागेपासून दूर जाऊन विसर्जन करू लागते. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथील प्रयोगशाळेत अनेक वर्षे कुत्र्यांचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ 1965 साली प्रसिद्ध झाला. सुमारे साडेआठ आठवड्यांच्या वयात पिले विसर्जनासाठी ठराविक जागा पसंत करू लागतात, असे अशा निरीक्षणांतून दिसून आले आहे. लोक पिलू घरी आणतात तेही बहुधा याच वयात. म्हणून पहिले काही आठवडे विशेष मोलाचे असतात.

ही पसंती केवळ जागेची नसते; पायांखाली काय लागते, याचीही असते. मातीवर वाढलेले पिलू माती शोधते, गवतावर वाढलेले गवत शोधते आणि फरशीवर कोंडून वाढविलेले पिलू फरशीलाच योग्य जागा समजते. शेतवस्तीवरून आणलेल्या पिलाने सारवलेल्या ओटीवर विसर्जन केले, तर त्यात त्याचा दोष नाही. सारवलेली जमीन व अंगणातील माती यांतील भेद त्याच्या पायांना कळत नाही. अशा पिलासाठी गच्चीवर वा सज्जात मातीने भरलेले पसरट घमेले ठेवणे हा सोपा उपाय होय. पिलू जेथून आणावयाचे ती जागा आधी पाहून घ्यावी, ती याचसाठी.

आता वेळेचा विचार करू. लहान पिलाचे मूत्राशय लहान असते व त्यावरील ताबा हळूहळू येतो. वयाच्या महिन्यांत एक मिळविला असता जी संख्या येते, तितके तास पिलू दिवसा थांबू शकते, असा स्थूल नियम सांगितला जातो. म्हणजे दोन महिन्यांच्या पिलाकडून तीन तासांहून अधिक अपेक्षा करणे व्यर्थ आहे. प्रत्यक्षात जागेपणी त्याला याहूनही लवकर बाहेर न्यावे लागते. झोपेतून उठताच, खेळ संपताच आणि खाणे झाल्यावर थोड्याच वेळात त्याला विसर्जनाची गरज भासते. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, हा शरीराचा सामान्य धर्म आहे. यावरून असे दिसून येईल, की खाण्याच्या वेळा ठराविक ठेवल्या तर विसर्जनाच्या वेळाही बऱ्याच अंशी ठराविक होतात. दिवसभर भरलेली ताटली पिलापुढे ठेवणाऱ्याला हा लाभ मिळत नाही. पाणी मात्र तोडू नये. नगरच्या उन्हाळ्यात पाण्यावाचून ठेवलेले पिलू घर स्वच्छ ठेवील, परंतु आजारी पडेल.

प्रत्यक्ष कृती साधी आहे. पिलू मोकळे असताना त्याच्यावर नजर असावी. नजर ठेवणे शक्य नसेल तेव्हा त्याला लहानशा आडोशात, त्याच्या अंथरुणासह ठेवावे. आडोसा पिलाला वळता येईल व पाय पसरून निजता येईल एवढाच असावा. तो फार मोठा असला, तर पिलू एका कोपऱ्यात निजते व दुसऱ्यात घाण करते. पिलू जमीन हुंगत गोल फिरू लागले, की त्याला उचलून नेहमीच्याच वाटेने नेहमीच्याच जागी न्यावे व स्वस्थ उभे राहावे. विसर्जन चालू असताना एखादा ठराविक शब्द हळू आवाजात उच्चारावा आणि ते संपताच तेथेच भाकरीचा लहान तुकडा द्यावा.

या शब्दाचे व तुकड्याचे कार्य निरनिराळे आहे. पचनसंस्थेवरील संशोधनाबद्दल 1904 साली नोबेल पारितोषिक मिळविणारे रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांनी असे दाखविले, की एखादी खूण वारंवार अन्नासोबत आली म्हणजे केवळ त्या खुणेनेही तोंडास लाळ सुटते. ठराविक वाट, ठराविक जागा व ठराविक शब्द या अशाच खुणा होत. थॉर्नडाइक यांनी मांजरांवरील प्रयोगांतून काढलेला नियम दुसरा आहे : ज्या कृतीच्या पाठोपाठ समाधान मिळते ती कृती पुनःपुन्हा घडते. यात ‘पाठोपाठ’ हा शब्द महत्त्वाचा. घरात परतल्यावर दिलेला तुकडा पिलाच्या लेखी घरात परतण्याचे बक्षीस असते. विसर्जनाशी त्याचा संबंध पिलाला जोडता येत नाही.

शिक्षेलाही हाच न्याय लागू पडतो. कारखान्यातून परतलेला मालक फरशीवरील डाग पाहतो, पिलाचे नाक त्यात घासतो व चापट मारतो. दोन तासांपूर्वीच्या कृतीशी या माराचा संबंध पिलाला लावता येत नाही. विसर्जन करतानाच मार बसला, तर माणसासमोर विसर्जन करणे धोक्याचे आहे, एवढेच ते शिकते. मग ते पलंगाखाली लपून घाण करते आणि बाहेर नेले असता मालकासमोर काहीच करीत नाही. ‘चूक कळते म्हणूनच ते मान खाली घालते’, असा दावा पुष्कळ लोक करतात. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मात्र असे आढळले, की कुत्र्याचा तो अपराधी चेहरा त्याने अपराध केला की नाही यावर अवलंबून नसतो, तर मालक रागावला की नाही यावर अवलंबून असतो. ज्याला पश्चात्ताप समजले जाते ते प्रत्यक्षात भय असते.

डाग पडलेली जागा नीट धुतली पाहिजे. फिनेलच्या वासाने माणसाच्या नाकाला मूत्राचा वास येईनासा होतो, कुत्र्याच्या नाकाची फसवणूक होत नाही. आणि वास राहिला की पिलू पुन्हा त्याच जागी येते. शहाबादी फरशीसारखा दगड ओल शोषून घेतो, म्हणून तेथे अधिक काळजी घ्यावी. मूत्रातील घटकांचे विघटन करणारी विकरयुक्त द्रावणे यासाठी चांगली. अमोनिया असलेली द्रावणे मात्र टाळावीत. मूत्राच्या वासाशी त्यांचे साम्य असते.

आरोग्याच्या बाबतीत दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. लसीकरण पूर्ण होईपर्यंत, भटकी कुत्री जेथे घाण करतात अशा जागी पिलाला नेऊ नये. पार्व्हो विषाणू मातीत अनेक महिने टिकून राहतो. तसेच पिलाची विष्ठा रोज उचलावी, कारण तिच्यातील जंतांपासून मुलांनाही उपद्रव होतो. शिकलेले पिलू एकाएकी वारंवार घरात मूत्रविसर्जन करू लागले, तर ते हट्ट करते असे न समजता पशुवैद्यास दाखवावे.

पाळीने काम करणाऱ्याच्या घरी हे सर्व कसे साधावे, हा प्रश्न उरतो. घरातील माणसांनी वेळा वाटून घ्याव्यात, किंवा शेजाऱ्याचे साह्य घ्यावे. यांपैकी काहीच शक्य नसेल, तर पिलू न आणणे हेच अधिक दयाळूपणाचे ठरेल. कंटाळून सोडलेले पिलू वसाहतीच्या रस्त्यावर भटक्या कुत्र्यांत मिसळते. तेथे उपासमार, अपघात व पिसाळण्याचा रोग यांच्याशी त्याची गाठ पडते, आणि त्या रोगाचे भय माणसांनाही असते. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्यान्वये जनावरास मारहाण करणे व वाजवी कारणावाचून सोडून देणे हे दोन्ही अपराध आहेत.

महाभारताच्या आदिपर्वात एका मार खाल्लेल्या पिलाची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञस्थानी आलेल्या सरमेच्या पुत्राला राजाच्या भावांनी मारले. त्याने हवीकडे पाहिलेही नव्हते, चाटण्याची तर गोष्टच नाही. माझ्या निरपराध मुलाला का मारले, असे सरमेने विचारले तेव्हा कोणापाशी उत्तर नव्हते; आणि तिचा शाप राजाला ऐकून घ्यावा लागला. जे शिकविलेच नाही ते येत नाही म्हणून पिलाला मारणाऱ्यालाही सरमेच्या त्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही.