मुखपृष्ठावर एकच नाव

जोडप्यानं मिळून लिहिलेली अद्भुतकथा मुखपृष्ठावरून ओळखू येतेच असं नाही. डेव्हिड एडिंग्जची ‘बेलगॅरिअड’ मालिका १९८२ साली सुरू झाली. तिची पहिली आवृत्ती एखाद्या वाचकाच्या हाती पडली, तर नाव डेव्हिडचं एकट्याचंच दिसेल. पत्नी ली पहिल्यापासून लेखनात सामील होती, तरी तिचं नाव थेट १९९५च्या ‘बेलगॅराथ द सॉर्सरर’वर आलं. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही विज्ञानकथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंनी उतरवून दिली. नक्कल म्हणजे सहलेखन नव्हे, हा आक्षेप रास्तच, कथा नारळीकरांचीच. पण लीचं काम नकलेचं नव्हतं, आणि तेरा वर्षं तिचं नाव गाळलं गेलं, हा मला अन्यायच वाटतो.