वर्गणीची किल्ली कोणाच्या हातीं?

कांहीं व्यवसाय असे आहेत, कीं त्यांचें नांव घरच्या बैठकींत काढावयास आपणांस संकोच वाटतो. प्रौढांसाठीं असलेलीं शृंगारिक छायाचित्रें व चित्रफिती केवळ वर्गणीदारांस दाखविणारें संकेतस्थळ चालविणें, हा त्यांपैकींच एक. तथापि त्याची घडण समजून घेण्यासारखी आहे. कारण या धंद्याची खरी किल्ली चालकाच्या हातीं नाहीं.

लंडनमध्यें २०१६ सालीं टिम स्टोकली यांनीं 'ओन्लीफॅन्स' हें संकेतस्थळ सुरू केलें. तेथें प्रत्येक मॉडेल आपल्या पानाची मासिक वर्गणी स्वतः ठरविते. जमा रकमेपैकीं शेंकडा २० संस्था ठेवून घेते, बाकीची रक्कम मॉडेलच्या पदरीं पडते. मासिकाचा वर्गणीदार अंक घरीं जपून ठेवतो. येथें वर्गणी थांबली, कीं दार बंद होतें. अन्यत्र न मिळणारें चित्र हेंच येथील भांडवल. नोव्हेंबर २०२३ अखेरच्या वर्षांत चाहत्यांनीं या संकेतस्थळावर सुमारें ६६० कोटी डॉलर खर्चिले.

एवढा पैसा येत असतां चालक निर्धास्त असेल, असें आपणांस वाटेल. पण प्रत्येक वर्गणी बँकेच्या कार्डावरून येते. बँकांनीं हात आखडता घेतला, तर तिजोरी रिकामी राहते. १९ ऑगस्ट २०२१ रोजीं संस्थेनें जाहीर केलें, कीं १ ऑक्टोबरपासून उघड लैंगिक चित्रण बंद होईल. बँकांची अडवणूक हें कारण स्टोकली यांनींच सांगितलें. ज्यांचा उदरनिर्वाह त्यावर चालत होता, त्या मॉडेलांनीं तीव्र निषेध केला. २५ ऑगस्ट रोजीं, आवश्यक तीं आश्वासनें मिळाल्याचें सांगून, संस्थेनें निर्णय स्थगित केला. मधले सहा दिवस त्यांची मिळकत अधांतरीं लोंबकळत होती.

त्याच वर्षीं १५ ऑक्टोबरपासून मास्टरकार्डचे नवे नियम अमलांत आले. चित्रांत दिसणाऱ्या प्रत्येकाचें वय व ओळख कागदपत्रांनीं पडताळावी, प्रसिद्धीपूर्वीं चित्र तपासावें, आणि बेकायदा वा संमतीवांचून दिलेल्या चित्राची तक्रार कामकाजाच्या सात दिवसांत निकालांत काढावी, असे ते नियम. ते कडक खरे, पण अनाठायीं नव्हेत. एकदां पसरलेलें चित्र परत घेतां येत नाहीं. अल्पवयीन किंवा फसविल्या गेलेल्या व्यक्तीची अब्रू तें आरंभींच अडविलें तरच वांचते.

आपल्याकडे माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७अ प्रमाणें असें उघड चित्रण प्रसिद्ध करणें हाच गुन्हा आहे. पहिल्या अपराधास पांच वर्षांपर्यंत कारावास व दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. तो नियम लोकप्रतिनिधींनीं केला. त्याखालच्या शिक्षेवर अपील करतां येतें. परंतु जेथें कायद्याची संमति असूनही बँक नकार देते, तेथें दाद कोणाकडे मागावयाची? दुर्बलांचें रक्षण व्हावें, हें निर्विवाद. पण तें काम धनकोच्या मर्जीवर सोडावें कीं कायद्यानें स्वतःकडे घ्यावें, याचा विचार आपण सर्वांनीं केला पाहिजे.