टॉर्क परिवर्तकातील बंधक क्लच : दोष व निदान

स्वयंचलित दंतचक्रपेटी असलेल्या मोटारगाडीत एंजिन व दंतचक्रपेटी यांच्यामध्ये टॉर्क परिवर्तक हा तेलाने भरलेला फिरता डबा असतो. ठराविक वेगानंतर त्यातील द्रवीय जोडणी बाजूस सारून एंजिनाची गती थेट पुढे देणाऱ्या घर्षण-क्लचास बंधक क्लच म्हणतात. गॅरेजमध्ये यालाच ‘लॉकअप’ असे म्हणतात. हा क्लच वेळेवर न लागणे, लागल्यावर घसरणे, थरथरणे किंवा न सुटणे हे त्याचे मुख्य दोष होत. यांपैकी बहुतेकांचे मूळ परिवर्तकाच्या बाहेर असू शकते. म्हणून दंतचक्रपेटी उतरवण्याचे खर्चिक काम हाती घेण्यापूर्वी पद्धतशीर निदान करणे आवश्यक असते.

रचना व कार्य : टॉर्क परिवर्तकाचे मूळ जर्मन अभियंते हेरमान फटिंगर यांनी जहाजांच्या प्रचालनासाठी १९०५ मध्ये एकस्व घेतलेल्या द्रवीय प्रेषणात आहे. मोटारगाडीतील परिवर्तकात तीन पातेयुक्त चक्रे असतात. एंजिनाबरोबर फिरणारे पंपचक्र तेलाला गती देते, ते तेल टरबाइन चक्रावर आदळून दंतचक्रपेटीचा दंड फिरवते आणि मधले स्थिर चक्र परतणाऱ्या तेलाची दिशा वळवून टॉर्क वाढवते. गाडी उभी असताना ही वाढ सामान्यतः दुपटीच्या आसपास असते. टरबाइनाचा वेग पंपाच्या वेगाच्या सु. ८५ ते ९० टक्क्यांवर पोहोचला की स्थिर चक्र एकदिशा क्लचामुळे मोकळे फिरू लागते व टॉर्कवाढ थांबते.

यानंतर परिवर्तकाचा उपयोग उरत नाही, उपद्रव मात्र राहतो. या अवस्थेत कार्यक्षमता ही दोन्ही चक्रांच्या वेगांच्या गुणोत्तराइतकी असते. समजा, एंजिन ३० किलोवॉट शक्ती देत आहे व घसरण १० टक्के आहे, तर ३ किलोवॉट शक्तीची तेलात उष्णता होते. दीड किलोवॉटच्या दोन विजेच्या शेगड्या तेलात बुडवून ठेवल्यासारखेच हे आहे. ही हानी टाळण्यासाठी १९४९ मध्ये पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने आपल्या गाडीत बंधक क्लच बसवला. इंधनटंचाईच्या काळात, १९७८ पासून क्राइस्लरने त्याचा वापर सुरू केला आणि पुढे तो सार्वत्रिक झाला. द्रवीय परिवर्तक व थेट यांत्रिक जोडणी यांचा मेळ घालण्याची कल्पना पुण्यालाही नवी नाही. भारतीय रेल्वेचे अभियंते मन मोहन सुरी यांनी शोधलेले द्रवीय-यांत्रिक ‘सुरी प्रेषण’ डीझेल रेल्वे एंजिनांसाठी पुण्याच्या किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनीत तयार होत असे.

बंधक क्लच म्हणजे टरबाइनास जोडलेली, कागदी तंतूंचे घर्षण-अस्तर असलेली तबकडी होय. नेहमीच्या प्रकारात तेल तबकडी व डब्याचे झाकण यांमधून आत येत असते, तोवर ती झाकणापासून दूर राहते. नियंत्रक संगणकाने विद्युत् चुंबकीय झडपेला संदेश दिला की तेलाच्या प्रवाहाची दिशा उलटते आणि मागील दाब तबकडीला झाकणावर दाबून धरतो. आधुनिक गाड्यांत हे बंधन पूर्ण नसते. एंजिनाचे हिसके प्रवाशांपर्यंत जाऊ नयेत म्हणून दर मिनिटास सु. २० ते ५० फेऱ्यांची घसरण मुद्दाम राखली जाते. ही गोष्ट ठाऊक नसल्याने चांगल्या परिवर्तकावर दोषाचा शिक्का बसल्याचे अनेकदा पाहावयास मिळते.

स्थानिक परिस्थिती : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात अशा गाड्या तयार होतात आणि वापरल्याही जातात. टाटा मोटर्सच्या पिंपरी कारखान्यातील हॅरियर व सफारी, चाकण येथील महिंद्राची स्कॉर्पिओ-एन तसेच फोक्सवॅगन टायगुन व स्कोडा कुशाक यांच्या काही प्रकारांत टॉर्क परिवर्तक आहे. हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात तर वाहनांच्या नियंत्रण-आज्ञावली लिहिल्या जातात. परंतु त्याच हिंजवडीचे रस्ते या यंत्रणेची कठोर परीक्षा घेतात. सकाळ-संध्याकाळ वाकडपासून मुंगीच्या चालीने सरकणाऱ्या गाडीत क्लच लागण्याइतका वेगच येत नाही. सगळी शक्ती तेल घुसळीत जाते आणि तेल तापत राहते. सुटीच्या दिवशी तीच गाडी भरल्या वजनानिशी खंडाळ्याचा घाट चढते, तेव्हा क्लच वारंवार लागतो व सुटतो. ‘तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही’ या आश्वासनावर अशा वापरात विसंबणे योग्य नाही. सु. ६०,००० किमी. नंतर ते बदलणे हिताचे ठरते.

लक्षणे : क्लच लागत नसल्यास हमरस्त्यावर एंजिनाचे फेरे जास्त राहतात, इंधन अधिक लागते व तेल तापते. क्लच सुटत नसल्यास गाडी थांबताना एंजिन धक्का देऊन बंद पडते. साध्या गाडीत क्लच न दाबता ब्रेक लावल्यावर होते तसेच हे असते. सर्वांत फसवे लक्षण थरथरीचे होय. ताशी ६० ते ८० किमी. वेगात, हलक्या प्रवेगकावर, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखा काही क्षण कंप जाणवतो. याचे कारण घर्षणाच्या गुणधर्मात आहे. ताज्या तेलातील रासायनिक पूरकांमुळे घसरणीचा वेग वाढला की घर्षणही किंचित वाढते व क्लच शांतपणे लागतो. पूरके संपली किंवा तेलात पाणी शिरले की हा संबंध उलटा होतो. तबकडी चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते आणि कंप स्वतःलाच पोसत राहतो.

निदान : पहिला प्रश्न गाडीत टॉर्क परिवर्तक आहे काय, हाच असतो. क्लच पेडल नसलेल्या पुष्कळ गाड्यांत साधा कोरडा क्लच यंत्राने चालवलेला असतो किंवा दुहेरी क्लच असतो. त्यांची थरथर हा वेगळा विषय आहे.

त्यानंतर गाडी पूर्ण तापवून रस्त्यावर चाचणी घेतात. थंड एंजिनावर संगणक बंधनास परवानगीच देत नाही. त्यामुळे सकाळी गॅरेजभोवती मारलेल्या फेरीतून काहीच सिद्ध होत नाही. किवळ्याहून द्रुतगती मार्गावर मोकळा रस्ता पाहून, मागे वाहन नसल्याची खात्री करून व वेगस्थिरक बंद ठेवून, ताशी सु. ८० किमी. वेग कायम राखतात. प्रवेगक तसाच ठेवून दिवा लागेल इतकाच ब्रेक हलका दाबल्यास पुष्कळ गाड्यांत संगणक क्लच सोडतो. एंजिनाचे फेरे १०० ते ३०० नी वाढले, तर क्लच लागलेला होता. वाढले नाहीत, तर तो लागलाच नव्हता. थरथर चालू असताना हीच कृती केल्यावर ती तत्काळ थांबली, तर संशय बंधनावर जातो. थांबली नाही, तर एंजिनातील स्फुरण किंवा इंधन-अंतःक्षेपक तपासावे लागतात. द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटमधील सांध्यांचा ठेकाही अननुभवी माणसाला फसवतो. मात्र तो गाडीच्या वेगानुसार बदलतो, ब्रेक-चाचणीने जात नाही आणि डांबरी रस्त्यावर नाहीसा होतो.

निदान-यंत्र जोडून एंजिनाचे फेरे व दंतचक्रपेटीच्या आदान दंडाचे फेरे यांतील फरक पाहणे ही याहून काटेकोर पद्धत आहे. पूर्ण बंधनाचा आदेश असतानाही फरक शेकडो फेऱ्यांचा राहिला, तर क्लच घसरत आहे. संगणकात नोंदला जाणारा पी ०७४१ हा संकेत क्लच लागत नसल्याचे, तर पी ०७४२ तो सुटत नसल्याचे सांगतो. हे संकेत केवळ परिणाम नोंदवतात, कारण सांगत नाहीत. संकेत वाचून थेट परिवर्तक मागवणे म्हणजे तापमापी पाहून औषध देणे होय. लागण्याचा आदेशच दिला जात नसेल, तर दोष बहुधा स्वस्तातला निघतो : ब्रेक दिव्याचा बिघडलेला खटका, उघडाच राहिलेला व एंजिन तापू न देणारा तापस्थापी किंवा चुकीचे तापमान दाखवणारा संवेदक.

आदेश असून क्लच लागत नसेल, तर तेलाकडे वळावे. पातळी निर्मात्याने सांगितलेल्या तापमानासच पाहावी लागते. काळे, जळका वास येणारे तेल अस्तराची झीज दर्शवते. दुधाळ गुलाबी तेल शीतकातून पाणी शिरल्याचे चिन्ह असते आणि पाण्याने अस्तराचा डिंक सुटत असल्याने ते धोक्याचे असते. त्यापुढे झडपेच्या वेटोळ्याचा रोध थंड व तप्त अशा दोन्ही अवस्थांत मोजतात. पावसाळ्यात जोडणीत शिरलेले पाणीही येथेच उघडकीस येते. झडपमंडलातील घासलेले छिद्र किंवा आदान दंडावरील फुटलेले रबरी कडे यांमुळे दाब गळतो आणि क्लच निर्दोष असूनही घसरतो. स्थिर चक्राचा एकदिशा क्लच जाम झाल्यासही हमरस्त्यावर गाडी दबते व तेल तापते, त्यामुळे बंधनाविषयी संशय येतो. तो मोकळाच फिरू लागल्यास मात्र गाडी उचल घेत नाही.

दुरुस्ती : नुकत्याच सुरू झालेल्या थरथरीवर निर्मात्याने सांगितलेल्या प्रकारचे तेल बदलणे हा पहिला उपाय असतो व कित्येकदा तो पुरतो. अस्तर जळाले असल्यास परिवर्तक बदलावा लागतो किंवा वितळजोड लेथवर कापून, अस्तर बदलून, पुन्हा जोडून त्याचे संतुलन करावे लागते. या वेळी शीतक व त्याच्या नळ्या धुणे किंवा बदलणे अनिवार्य आहे. जुन्या अस्तराचा चुरा त्यांत साठलेला असतो आणि तो काही दिवसांतच नव्या परिवर्तकात पोहोचतो. जुन्या क्लचाशी जुळवून घेताना संगणकाने साठवलेली मूल्येही पुसून, निर्मात्याच्या पद्धतीने गाडी पुन्हा चालवून ती नव्याने नोंदवावी लागतात.