पैंजणांच्या गावाला शोभणारी रहस्यकथा

दिवाळी अंकांत रहस्यकथेला हक्काची जागा आहे. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ या अंकांनी तर तिचा वाचक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. तरीही तिची एक शाखा आपल्याकडे म्हणावी तशी बहरली नाही. इंग्रजी वाचक तिला ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात.

हिच्यात खून होतो, पण रक्ताचे पाट वाहत नाहीत. गाव लहान, संशयित मोजके आणि सगळे एकमेकांच्या ओळखीचे. छडा लावतं ते पोलिसांबाहेरचं माणूस, बहुधा कुणी खिजगणतीतही न धरलेलं. खेळ मात्र सचोटीचा हवा. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घातले. गुन्हेगार सुरुवातीलाच कथेत दिसला पाहिजे, भुताखेतांचा आधार घ्यायचा नाही, हाती लागलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही, हे त्यातले काही. मला या प्रकाराचा लळा लागला तो यामुळेच. शेवटचं पान वाचून मागे गेलं की सगळं डोळ्यांसमोरच होतं, हे पटतं.

अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल कादंबरीत अवतरली 1930 मध्ये. माणसाचा स्वभाव ती आपल्या खेड्यातल्या जुन्या उदाहरणांवरून ओळखते. ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ (1950) ही माझी विशेष आवडती. गावच्या वर्तमानपत्रात खुनाची जाहिरात येते, घर आणि वेळ सांगून, आणि शेजारीपाजारी काहीतरी निमित्त काढून तिथे हजर! मजा आहेच, पण खाली एक बोचरं सत्य आहे. महायुद्धानंतर गावात नवी माणसं आली. त्यांची पिढीजात माहिती कुणालाच नाही, ओळख काय ती रेशनच्या पुस्तकापुरती. शेजाऱ्यावरचा विश्वास कशावर उभा असतो, हा या कादंबरीचा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय ही नावं घराघरांत पोचली. सुहास शिरवळकरांचे दारा बुलंद आणि अमर विश्वास पुढच्या पिढीचे. पण वेषांतर, पाठलाग, धाडस हा त्या साऱ्यांचा पिंड. ख्रिस्तीच्या कादंबऱ्या मधुकर तोरडमलांनी मराठीत आणल्या, अशोक जैन यांनी सत्यजित राय यांचा फेलूदा आणला. चांगली भाषांतरं झाली, पण आपल्या मातीतली मिस मार्पल राहून गेली. त्यातल्या त्यात जवळचा वाटतो तो भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, तोही किशोरांसाठी. हा प्रकार इंग्लंडपुरता आहे म्हणावं, तर अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांनी 1998 पासून तो बोट्स्वानात नेला आणि तिथे तो उत्तम रुजला.

मग आमच्या हुपरीत का नको? इथे पैंजण एका हातून होत नाही. आटणी, तार, कड्या, जोडणी, घुंगरू, पॉलिश करत चांदी घराघरांतून फिरते. देताना वजन, घेताना वजन, मधली घट ठरलेली. सगळा व्यवहार शब्दावर. आता समजा, माल परत आला. काट्यावर वजन बिनचूक, पण टंच कमी. म्हणजे चांदी काढून कुणीतरी डागात हलका धातू वाढवला आहे. कुठल्या घरात? हिशेबाच्या वहीत सगळं जुळतं. पण घुंगरू ओवणाऱ्या एखाद्या आजींच्या बोटांना डागाचा जाडपणा जाणवतो, आणि गेल्या महिन्यात कुणाच्या घरी अचानक फ्रीज आला, हे त्यांना माहीत असतंच. दुवा, बंदिस्त वर्तुळ, मोजके संशयित, सगळी सामग्री तयार आहे. खुनाचीही गरज नाही, इथे पत गेली तरी माणूस उभा कोसळतो.

असं गाव महाराष्ट्रात एकटं हुपरीच नाही. पैठणीचं येवलं आहे, हळदीची सांगली आहे. त्या-त्या धंद्यातल्या लेखकांनी, विशेषतः घरी बसून काम करणाऱ्या बायांनी, ही कादंबरी लिहावी. आणि संपादकांनी पुढच्या दिवाळीला तिच्यासाठी पानं राखून ठेवावीत.